पान २ गहाळ

अण्णा, वय ६८. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. उभी हयात छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली. निवृत्तीनंतरही दिवाळी अंकांची प्रूफं घरी यायची. घरात पत्नी आणि धाकटा मुलगा, थोरला कांदिवलीला, मुलगी पुण्यात. जूनमध्ये डोळे पिवळे झाले, अंगभर खाज सुटली, लघवी काळ्या चहासारखी आणि शौच मातकट-पांढरं होऊ लागलं. दुखणं असं फारसं नव्हतं. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, १४. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली आणि यकृतात तीन डाग. एन्डोस्कोपीच्या नळीतून सुई घालून तुकडा घेतला. त्याचा अहवाल तीन पानी आला. पहिल्या पानावर नाव, वय, नमुना कुठून घेतला ते. दुसऱ्यावर निदान, ‘ॲडिनोकार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सर. तिसऱ्यावर शेरा आणि सह्या.

थोरल्याने अहवाल घेतला, जिन्यात उभं राहून वाचला, दुसरं पान घडी करून खिशात घातलं आणि उरलेली दोन फाईलला लावली. त्यांच्या तळाशी ‘३ पैकी १’ आणि ‘३ पैकी ३’ असं छापलेलं होतं, ते तसंच राहिलं. ही फाईल गेली ती चाळीस वर्षं फर्म्यांतली, म्हणजे छपाईच्या एकेका तावावरची, पानं मोजत आलेल्या माणसाच्या हातात.

घरात ठरलं ते असं: साधी कावीळ आहे, पित्ताच्या नळीला सूज आहे, आत एक नळी बसवली की उतरेल. डॉक्टरांना केबिनच्या दारात गाठून सांगण्यात आलं, ‘त्यांच्यासमोर ते नाव घेऊ नका, हाय खातील.’ डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना मान हलवणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम असतं.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे, कुठल्या एका घराचं नाही. त्याच्याशेजारी ठेवून वाचायची आहे ती लिओ टॉलस्टॉयची १८८६ सालची बारा प्रकरणांची दीर्घकथा, ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. नीतीची पुस्तकं ‘खोटं बोलावं की नाही’ असं विचारून मोकळी होतात. ही कथा खोट्याचा दैनंदिन कारभार दाखवते: कोण बोलतं, कोण मान हलवतं, कोण विषय बदलतं आणि मधोमध पडलेल्या माणसाचं त्याने काय होतं. आणखी एक धागा थेट परळला येतो. इव्हान इलिच ज्याच्यावर बेतला तो रशियातल्या तूला शहराच्या न्यायालयातला अधिकारी इव्हान इलिच मेचनिकोव्ह १८८१ मध्ये वारला. त्याचा धाकटा भाऊ इल्या मेचनिकोव्ह १९०८ चा नोबेल मानकरी जीवशास्त्रज्ञ, आणि त्या इल्याचा ओडेसातला विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला. त्याच्या नावाची संस्था आज परळला, टाटा मेमोरियलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. योगायोगच, पण परळच्या रस्त्यावर फाईल काखेत धरून उभं असताना तो आठवतो खरा.

कथेतला इव्हान इलिच गोलोविन न्यायखात्यात वर चढलेला, पंचेचाळीस वर्षांचा. रशियात १८६४ च्या सुधारणेनंतर नवी कोर्टं आली, त्यांना नवी माणसं हवी होती, त्यातला हा एक. ५००० रूबलांची जागा मिळते, नवं घर सजवायला घेतो, पडद्याच्या चुण्या कशा हव्यात ते कारागिराला दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो आणि खिडकीच्या मुठीवर कूस आपटते. पुढे त्या कुशीतच दुखणं मुरतं. डॉक्टर तरंगतं मूत्रपिंड की आंत्रपुच्छ यावर तर्क लढवतात. ‘हे धोक्याचं आहे का?’ असं त्याने विचारताच डॉक्टर चष्म्यावरून एका डोळ्याने असं बघतो, जसं इव्हान इलिच स्वतः आरोपीकडे बघत आला आहे: विचारलं तेवढंच बोला. जे सांगणं आवश्यक आणि उचित वाटलं ते मी सांगितलं आहे, एवढंच उत्तर मिळतं.

सातव्या प्रकरणात टॉलस्टॉय स्पष्ट म्हणतो की इव्हान इलिचला सगळ्यात जास्त छळत होतं ते खोटं. तो मरत नाही, नुसता आजारी आहे, शांत पडून औषध घेतलं की चांगलं होईल, असं सगळे धरून चालले होते आणि त्यालाही त्यात सामील करत होते. हे खोटं कुठून आलं, हेही तिथेच आहे. दिवाणखान्यात काही अशिष्ट घडलं तर जसं सगळे न पाहिल्यासारखं करतात तसं त्याच्या मरणाकडे पाहिलं जात होतं, आणि तोच रीतसरपणा तो आयुष्यभर पाळत आला होता.

गिरगावातलं खोटं रीतसरपणातून आलं नव्हतं. ते मायेतून आणि भीतीतून आलं, आणि ‘हाय खाऊन माणूस जातो’ या पिढीजात समजुतीतून. म्हणून ते जास्त चिवट होतं. रीतीचं खोटं उघडं पाडता येतं; मायेच्या खोट्याला हात लावायला गेलं तर हात लावणाराच दुष्ट ठरतो.

आता खोटं कसं चाललं ते बघू. पहिली अडचण चाळ. गॅलरी सामाईक, भिंती पातळ, आणि ‘आज कसं आहे यांचं?’ हे दिवसातून सहा वेळा. घरच्यांना सांगितलं ते शेजारच्यांनाही सांगावं लागलं, मग शेजारधर्म सुरू झाला. उसाचा रस आला, मुळ्याच्या पाल्याचा रस आला, कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता आला. तेल-तूप बंद, हळद बंद, ‘पिवळं काही द्यायचं नाही’. अण्णांच्या पत्नीने हे सगळं मन लावून पाळलं, कारण ती स्वतः सांगत असलेल्या कावीळीचं पथ्य न पाळणं म्हणजे शेजारणीसमोर पकडलं जाणं. सहा आठवड्यांत वजन ६१ वरून ५४ किलोवर आलं. या आजारात वजन तसंही घटतं. इथे त्यावर पथ्याची भर पडली, आणि ते पथ्य खोट्यासाठी होतं, आजारासाठी नव्हतं.

स्वादुपिंडाची नळी दाबली गेली की चरबी पचवणारं पाचकद्रव्य आतड्यात पोचत नाही. शौच तेलकट, दुर्गंधी, भांड्यात तरंगणारं होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यावर पाचकद्रव्याच्या कॅप्सूल असतात, साधारण २५,००० युनिटच्या. त्यातली पहिली पहिल्या घासाबरोबर आणि दुसरी जेवणाच्या मध्यावर घ्यायची. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर घेतली तर उपयोग कमी होतो. सोबत थोडं थोडं, पाच-सहा वेळा खाणं, आणि तूप चालतं, लागतं. अण्णांना कॅप्सूल दिल्या होत्या, पण कशासाठी ते सांगता येईना. पित्तनलिका मोकळी ठेवणारी ती नळी, म्हणजे स्टेंट, बसवल्यावर तीन आठवड्यांत बिलिरुबिन २ वर आलं तेव्हा त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं: कावीळ उतरली, आता गोळ्या कशाला?

केमोला ‘ताकदीचं सलाईन’ म्हटलं गेलं. २८ दिवसांच्या चक्रात पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. ज्या डे-केअरच्या पाटीवर ‘कर्करोग’ शब्द नाही ते मुद्दाम शोधलं, त्यासाठी टॅक्सीचं भाडं दुप्पट पडलं. ताकदीच्या सलाईननंतर दोन दिवस उठवत का नाही, हे अण्णांनी एकदा विचारलं. धाकटा म्हणाला, ‘ताकद आत जाताना तसं होतं.’ त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यात मोठी किंमत ऑगस्टच्या अखेरीला मोजावी लागली. पित्तनलिकेत बसवलेला प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो, कधी त्याआधीच. धातूचा जास्त टिकतो. तुंबला की मागे साचलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होतो आणि हुडहुडी भरून ताप येतो. मुंबईत पावसाळ्यात हुडहुडी भरली की प्रत्येकाच्या तोंडी मलेरियाच येतो. अण्णा गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. ‘जूनमध्ये कावीळ झाली होती, उतरली’ एवढंच त्यांनी सांगितलं, कारण त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं. रक्त मलेरियासाठी गेलं, अहवालाची वाट बघण्यात दीड दिवस गेला. रुग्णालयात पोचले तेव्हा रक्तदाब कोसळलेला होता. चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले.

ज्याच्या पित्तनलिकेत स्टेंट आहे त्याला तीन गोष्टी माहीत हव्यात: थंडी वाजून ताप, पुन्हा पिवळेपणा किंवा गडद लघवी, उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, स्टेंट बसवलेल्या रुग्णालयात जायचं आणि ‘स्टेंट आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. हे समजावायला ‘कॅन्सर’ शब्द उच्चारावाही लागत नाही. पण खोटं राखणारी माणसं खऱ्याच्या आसपासचंही काही बोलेनाशी होतात, न जाणो एका प्रश्नातून दुसरा निघेल म्हणून. खोट्याचा घेर असा वाढत जातो.

कागदांचंही तेच. स्टेंटच्या संमतीपत्रावर सही थोरल्याची होती, अण्णा पूर्ण शुद्धीवर असताना. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात (२००८) हे स्वच्छ केलेलं आहे: सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची संमती चालत नाही. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती, तीही ग्राह्य धरली गेली नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम मात्र सैल आहेत. आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं ते म्हणतात. पण ही जाणीव रुग्णाला, नातेवाइकांना ‘किंवा’ जबाबदार स्नेह्यांना द्यावी, असंही म्हणतात. त्या एका ‘किंवा’च्या आडोशाला बरीच केबिनं उभी आहेत.

अण्णांच्या ठेवी एकट्याच्या नावावर होत्या, नामनिर्देशन नव्हतं. खोली पागडीची, भाडेपावती त्यांच्या नावाची. ‘बाबा, सह्या करा’ म्हणायचं तर ‘आत्ताच का?’ याला उत्तर हवं. तीन महिने तसेच गेले.

इथे टॉलस्टॉयशी थोडं भांडायला हवं. कथेच्या सुरुवातीला विधवा प्रास्कोव्या फ्योदोरोव्हना नवऱ्याच्या मित्राला बाजूला घेऊन सरकारकडून जास्तीत जास्त रक्कम कशी मिळेल ते विचारते, आणि लेखक तिला त्याबद्दल जवळजवळ शिक्षाच देतो. पण जिच्या हातात स्वतःचं उत्पन्न नाही अशा बाईने पेन्शन विचारायची नाही तर काय विचारायचं? तिचा दोष असलाच तर तो वेळेचा आहे. तो जिवंत असताना, मरण मान्य करून, दोघांनी बसून हे बोलता आलं असतं. खोट्याने तो प्रश्न प्रेताच्या शेजारच्या खोलीत ढकलला. गिरगावातही तो तिकडेच चालला होता.

१९६५ मध्ये बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांतलं मरण अभ्यासून जाणिवेच्या चार अवस्था मांडल्या. रुग्णाला माहीत नाही, बाकी सगळ्यांना आहे. रुग्णाला संशय आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे नसल्यासारखं करतात. आणि शेवटची, उघड. घरच्यांच्या मते अण्णा पहिल्या अवस्थेत होते. प्रत्यक्षात ते पहिल्या संध्याकाळीच दुसरीत पोचले होते. फाईल उघडून त्यांनी सवयीने तळाचे आकडे पाहिले होते आणि ‘३ पैकी ३’ या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: ‘पा. २ गहाळ?’ जुलैत ते त्यांच्या पत्नीला दिसलं. तिने फाईल बंद करून कपाटात ठेवली. तेव्हापासून दोघंही तिसऱ्या अवस्थेत, एकाच खाटेच्या दोन कडांना.

कथेतही हे असंच फुटतं, शब्दांनी नव्हे. मेहुणा पाहुणा येतो, इव्हान इलिचकडे बघतो, त्याचं तोंड उघडतं आणि तो स्वतःला आवरतो. तेवढ्यावर सगळं कळतं. मग इव्हान इलिच आरशासमोर आपलं जुनं छायाचित्र धरून ताडून बघतो. चाळीत ते काम चिपळूणच्या मावसभावाने केलं. ‘अरे, केवढा वाळलास!’ म्हणून गेला, थोरल्याचा चेहरा पाहिला आणि ‘इथली हवाच दमट’ म्हणाला. कोकणातला माणूस मुंबईच्या दमट हवेबद्दल बोलतोय, हे न कळण्याइतके अण्णा भोळे नव्हते.

ती पेन्सिलची खूण अतिदक्षता विभागातून घरी आल्यावर वेदनाशमन पथकाच्या परिचारिकेला सापडली. त्यांना दुखण्यासाठी बोलावलं होतं. अण्णांच्या पाठीत आता आरपार कळ येत होती. पुढचं काम तीन बैठकांत झालं.

पहिली बैठक फक्त घरच्यांची, अण्णा झोपलेले असताना. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘त्यांना जाणून घ्यायचा हक्क आहे’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत टाकणं. ते खरं आहे, पण त्याने समोरच्याचं दार बंद होतं. आधी विचारायचं: सांगितलं तर काय होईल असं वाटतं? तुम्ही हे किती दिवस, कसं सांभाळताय? त्यांनी स्वतःहून कधी काय विचारलं? थोरला बराच वेळ ‘ते खचतील’ म्हणत राहिला. मग मुलीने सांगितलं की धाकट्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, आणि ‘घरात कॅन्सर’ म्हटलं की समोरची मंडळी आनुवंशिकतेचं विचारतात. सगळे गप्प झाले. म्हणजे खोट्याचा एक वाटा अण्णांच्या नावावर काढलेला, पण कुणा दुसऱ्याच्या खात्यात जमा होणारा होता. कथेत मुलगी लिझाचं लग्न ठरत असतं, घरची माणसं नटूनथटून सारा बर्नहार्टचं नाटक बघायला निघतात, आणि बापाचं दुखणं त्या संध्याकाळीत बोचतं. त्या कुटुंबाला टॉलस्टॉय माफ करत नाही. पथकाने इथे कुणाला लाज आणली नाही. ती रक्कम फक्त वेगळी लिहून ठेवली, म्हणजे ‘बाबांसाठी’ या शब्दाखाली ती पुन्हा लपणार नाही.

बैठक संपताना दोन गोष्टी कबूल केल्या गेल्या. आम्ही जाऊन धाडकन काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. दुसरी गोष्ट कबूल करून घेतल्याशिवाय रुग्णासमोर बसू नये, नाहीतर पथकच नव्या खोट्याचं भागीदार होतं.

दुसरी बैठक अण्णांसोबत. वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत २००० साली बेल, बकमन आणि सहकाऱ्यांनी मांडली: जागा नीट करणं, रुग्णाला काय कळलंय ते विचारणं, किती जाणून घ्यायचंय ते विचारणं, सांगणं, भावनेला वाव देणं, पुढची आखणी. कागदावर सोपी आहे. चाळीत पहिला टप्पाच अवघड, कारण खासगी खोलीच नसते. दुपारी दोनची वेळ घेतली, तेव्हा गॅलरी झोपलेली असते. टीव्ही बंद, फोन बंद, डॉक्टर स्टुलावर अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला, जवळ पत्नी. थोरल्याला मुद्दाम पाठीमागे बसवलं, कारण बापाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा मुलगा ही या बैठकीतली नेहमीची अडचण. हाताशी पाऊण तास ठेवला होता.

‘अण्णा, या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय कळलंय?’

अण्णांनी चष्मा पुसून लावला. ‘पान दोन कुठे आहे, ते आधी सांगा.’

इथे लगेच पान काढून देण्याचा मोह होतो. डॉक्टरांनी तो टाळला. ‘ते वाचायचंय तुम्हाला? सगळं वाचायचंय, थोडं सांगितलेलं चालेल, की मुलांशीच बोलू? तिन्ही चालतं.’ हा प्रश्न नुसत्या औपचारिकतेचा नसतो. काही माणसं खरोखर ‘पोरांशी बोला’ म्हणतात, आणि तो त्यांनी वापरलेला हक्कच असतो. त्यांच्यावर सत्य लादणं हीही जबरदस्तीच.

‘छापलेलं आहे ना? मग वाचीन.’

‘बातमी आपल्याला हवी तशी नाही.’ एवढं म्हणून डॉक्टर थांबले. मग घडीची खूण पडलेलं पान दिलं, आणि ‘हा कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा, यकृतापर्यंत गेलेला’ हे एकदाच, ‘गाठ’, ‘वाढ’ असे आडोसे न घेता सांगितलं. पुढची दोन मिनिटं कुणी बोललं नाही. ती शांतता भरून काढायला डॉक्टर औषधांची माहिती सांगू लागतात, आणि रुग्णाला त्यातला एक शब्द ऐकू जात नाही. अण्णांनी पान दोनदा वाचलं, एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं. पत्नीकडे न बघता म्हणाले, ‘तुला ठाऊक होतं मला ठाऊक आहे ते.’ ती म्हणाली, ‘पेन्सिल दिसली होती.’ मागे थोरला रडायला लागला तेव्हा अण्णांनीच त्याला पाणी द्यायला सांगितलं.

‘किती दिवस?’ याला आकडा देऊ नये. डॉक्टर म्हणाले, ‘वर्षांची गोष्ट नाही, महिन्यांची. नेमकं सांगता येत नाही, पण बदल दिसला की आधी तुम्हाला सांगू.’ अण्णा खचले का? त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवाळी अंकाच्या बारा फर्म्यांच्या प्रूफांपैकी दोन ठेवून घेतले आणि दहा परत पाठवले, ‘वेळेत होणार नाहीत’ अशा चिठ्ठीसह. जुलैपासून ते सगळे बाराच्या बारा उशाशी घेऊन बसले होते.

सत्य कळल्यावर व्यवहाराच्या गोष्टी भराभर सुटल्या. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर सुरू झाल्या, तूप परत आलं, प्लास्टिकऐवजी धातूचा स्टेंट बसला, आणि संमतीपत्रावर सही अण्णांची. मॉर्फिनच्या गोळ्यांवरून घरात धास्ती होती. ‘ते शेवटचं औषध’ अशी समजूत. ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी, रात्री निजताना १०, म्हणजे मधे उठावं लागत नाही, आणि पहिल्या दिवसापासून सोबत शौच साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. मात्रा प्रत्येकाची वेगळी आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. पाकिटावरचं नाव खोडायची आता गरज उरली नव्हती. केमो पुढे घ्यायची नाही, असं अण्णांनी दोन आठवडे विचार करून ठरवलं. त्यावर पुण्याच्या मुलीचा राग बरेच दिवस गेला नाही. सांगितल्याने सगळ्यांचं समाधान होतं, असं कुणी समजू नये.

रात्रीसाठी रुग्णसेवेची माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून मुलगा ठेवला होता, बारा तासांच्या पाळीचा. कामावर घेताना त्याला बजावलं होतं, ‘आजाराचं काही बोलायचं नाही.’ कथेतला गेरासिम आठवल्याशिवाय राहत नाही. तो तरणा शेतकरी पोरगा मळपात्र साफ करतो, इव्हान इलिचचे पाय तासन्‌तास खांद्यावर घेऊन बसतो, कारण तेवढ्याने दुखणं हलकं होतं. आणि खोटं न बोलणारा तो एकटाच. आपण सगळेच मरणार आहोत, मग थोडी तसदी घ्यायला काय झालं, असं तो साधेपणाने म्हणतो. पण टॉलस्टॉय खेड्यातल्या माणसाच्या अंगी सचोटी उपजत असते असं धरून चालतो, ते पटत नाही. ब्यूरोच्या पोराने खरं बोललं तर उद्या दुसरा पोरगा येतो. म्हणून तो बोलला नाही. त्याने केलं ते असं: या आजारात पाठीवर पडलं की कळ वाढते आणि पुढे वाकलं की कमी होते, हे त्याच्या चार रात्रींत लक्षात आलं. त्याने खाटेसमोर स्टूल ठेवलं, त्यावर दोन उशा रचल्या आणि अण्णांना त्यावर ओणवं टेकवून पाठीमागे हात धरून बसला. हे डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं. दुसऱ्या बैठकीनंतर त्याच्यावरची बंदीही उठवली. अण्णांनीच त्याला सांगितलं, ‘मला काय झालंय ते मला माहीत आहे, तू मोकळा बोल.’

एक जागा मात्र सुटली. थोरल्याचा बारा वर्षांचा मुलगा. कथेत शाळकरी वास्याच्या डोळ्यांत बापाला खरी कणव दिसते, आणि त्याच्याशी कुणीच काही बोललेलं नसतं. कांदिवलीच्या नातवालाही ‘आजोबांना कावीळ’ एवढंच माहीत. त्याने शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात कावीळ वाचली, ती तर बरी होते. पथकाने आईवडिलांना सांगितलं की मुलाला त्याच्या शब्दांत, एक-दोन वाक्यांत सांगा. ते म्हणाले, परीक्षेनंतर.

तिसरी बैठक कागदांची. ठेवींवर नामनिर्देशन झालं. पागडीची खोली मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूवेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९) आहे, म्हणून पत्नी आणि धाकट्याची शिधापत्रिका, वीजबिलं एकत्र लावून ठेवली. उपचार कुठवर करायचे याचं पूर्वनिर्देशपत्रही केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. अण्णांनी लिहवलं: कृत्रिम श्वासयंत्र नको, स्टेंटचा ताप आला तर प्रतिजैविकं चालतील, दुखणं मात्र राहू देऊ नका.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक असते; करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. वकिलाने टाईप करून आणलं, चर्नी रोडहून दोन जुने सहकारी साक्षीला आले, सह्या झाल्या, चहा झाला. मंडळी जिना उतरली तेवढ्यात अण्णांना दुसऱ्या पानावर ‘ठेवीं’वरचा अनुस्वार राहिलेला दिसला. वकील म्हणाले, त्याने अर्थ बदलत नाही. अण्णांनी समासात खूण केली, पान नव्याने छापून आणायला लावलं आणि दोघा साक्षीदारांना पुन्हा दोन मजले चढवलं. या वेळी त्यांनी सगळी पानं स्वतः मोजून घेतली.